माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं?

आपल्या तामलवाडीच्याच जिल्ह्यात तेर आहे. तिथं जुनी खापरं, मणी सापडले. त्यावरून आपण छातीठोकपणे सांगतो, दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल पार रोमपर्यंत जायचा. तो जाताना आपल्यापैकी कुणी पाहिला? कुणीच नाही. तरी कुणी शंका घेत नाही.

आता जानेवारी २०१८ मधली गोष्ट ऐका. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठं लिहिलेलं नाही, म्हणून अभ्यासक्रम बदला. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी लगेच संयुक्त निवेदन काढून हे खोडलं.

पण पुरावा काय? पहिली गोष्ट, आजच्या माकडापासून माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही. दोघांचा पूर्वज एक, वाटा नंतर फुटल्या. म्हणजे वानर आपले आजोबा नाहीत, लांबचे भाऊबंद आहेत.

आता शेळी बघा. तिला लिंबू-आवळा लागत नाही. क जीवनसत्त्व तिचं यकृतच बनवतं. आपल्याला ते जमत नाही. त्यासाठी लागणारा जनुक आपल्यात आहे, पण मोडलेला. चिंपांझीतही मोडलेला, वानरातही. तीन पोरांच्या पेपरात एकाच ठिकाणी एकच चूक निघाली, तर गुरुजी काय ओळखतात? वही एकच होती! आणि शेळीत तोच जनुक धडधाकट आहे, म्हणजे तीही नात्यातलीच, फक्त जास्त लांबची.

अजून एक. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. मग एक गेली कुठं? आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळल्याची खूण अजून दिसते.

आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. तो शिकताना एखाद्या पोरानं "कुणी पाहिलं?" असं विचारलं, तर त्याला गप्प बसवू नका. तेरची खापरं दाखवा, शेळीचं उदाहरण द्या. न पाहिलेली गोष्ट पुराव्यानं कशी ठरते, हे त्याला एकदा कळलं की इतिहासही कळेल आणि विज्ञानही.

भेटू पुढच्या भागात.