युरोपचा ‘गोल्डन व्हिसा’ : परवाना वेगळा, नागरिकत्व वेगळे

लोहारा (जि. धाराशिव) : युरोपात घर घ्या आणि कुटुंबासह कायमचे स्थायिक व्हा, अशा आशयाच्या जाहिराती आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. मोबाइलच्या पडद्यावरून त्या तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचल्या आहेत. घरातला मुलगा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेला की त्याच्या पाठोपाठ ‘गुंतवणुकीतून नागरिकत्व’ हा विषयही घरात येतो. लोहाऱ्यासारख्या कोरडवाहू भागात एवढी रक्कम उभी करण्याचा मार्ग बहुधा एकच असतो, तो म्हणजे जमीन. त्यामुळे या योजनांतून नेमके काय मिळते, काय मिळत नाही आणि त्या बदल्यात काय सोडावे लागते, हे सातबाऱ्याला हात लावण्याआधी समजून घेणे आवश्यक ठरते.

तीन शब्द, तीन अर्थ

व्हिसा म्हणजे ठरावीक मुदतीसाठी प्रवेशाची अनुमती. निवास परवाना म्हणजे त्या देशात राहण्याचा, पण नूतनीकरणाच्या अटींनी बांधलेला हक्क. नागरिकत्व म्हणजे मतदानाचा हक्क आणि पासपोर्ट. ‘गोल्डन व्हिसा’ या नावाने जे विकले जाते, तो बहुतेक वेळा केवळ निवास परवाना असतो. तो ज्या देशाने दिला, त्याच देशात राहण्यापुरता त्याचा उपयोग. शेंगेन क्षेत्रातील इतर देशांत त्यावर १८० दिवसांपैकी ९० दिवस फिरता येते. तेथे नोकरी किंवा वास्तव्य करता येत नाही. ग्रीसचा परवाना घेऊन जर्मनीत नोकरी करता येईल, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. किंबहुना ग्रीसचा गुंतवणूकदार परवाना खुद्द ग्रीसमध्येही पगारी नोकरीचा हक्क देत नाही.

थेट नागरिकत्वाचे दार बंद

युरोपीय संघातील तीन देशांनी पैशाच्या मोबदल्यात थेट नागरिकत्व देण्याच्या योजना राबवल्या. या तिन्ही योजना आज बंद आहेत.

सायप्रसमध्ये किमान २० लाख युरोंच्या गुंतवणुकीवर पासपोर्ट मिळत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘अल जझीरा’ वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण प्रसिद्ध झाले, संसदेच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले आणि १ नोव्हेंबर २०२० पासून योजना गुंडाळण्यात आली. पुढे चौकशी आयोगाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात, वाटलेल्या ६,७७९ नागरिकत्वांपैकी निम्म्याहून अधिक नियम डावलून दिली गेल्याचा निष्कर्ष काढला. बल्गेरियाने मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून आपली योजना रद्द केली.

माल्टाची योजना सर्वांत शेवटी बंद झाली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचे रूप २०२० मध्ये बदलले. एक वर्ष वास्तव्य केल्यास ७ लाख ५० हजार आणि तीन वर्षे केल्यास ६ लाख युरो सरकारजमा करावयाचे. शिवाय घर विकत किंवा भाड्याने घेणे आणि धर्मादाय देणगी देणे बंधनकारक. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने ही योजना संघाच्या कायद्याशी विसंगत ठरवली. नागरिक आणि राज्य यांच्यातील नाते परस्पर विश्वासाचे असते, ते व्यापारी व्यवहाराचा विषय होऊ शकत नाही, असा या निकालाचा आशय आहे. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये माल्टाने कायदा दुरुस्त करून योजना मागे घेतली.

ऑस्ट्रियाच्या कायद्यात देशासाठी असाधारण कामगिरी करणाऱ्यास नागरिकत्व देण्याची तरतूद आहे. मात्र तिला ठरलेला दर नाही आणि ती सरकारच्या मर्जीवर अवलंबून आहे. म्हणजेच, पैसे भरले आणि युरोपीय संघाचा पासपोर्ट हाती आला, असा सरळ मार्ग आता उरलेला नाही.

निवास परवाना : देशनिहाय तुलना

पोर्तुगाल : योजना ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली. ५ लाख युरोंचे घर हा तिचा सर्वांत लोकप्रिय मार्ग होता. घरांच्या किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्याने ऑक्टोबर २०२३ च्या कायद्याने तो बंद झाला. त्या कायद्यानंतर ५ लाख युरोंची गुंतवणूक निधीत किंवा संशोधनात, अथवा अडीच लाख युरो कला व वारसा जतनासाठी, असे पर्याय राहिले. वर्षाला सरासरी सात दिवस हजेरी पुरे, हे या योजनेचे आकर्षण. पाच वर्षांनंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येत असे, हे दुसरे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये पोर्तुगीज संसदेने बहुतेक परकीयांसाठी ही मुदत दहा वर्षे करण्याच्या बाजूने मतदान केले आणि डिसेंबरमध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने त्या कायद्यातील काही तरतुदींवर हरकत घेतली. ‘पाच वर्षांत पासपोर्ट’ हे वाक्य ज्या जाहिरातीत छातीठोकपणे लिहिलेले असेल, तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

ग्रीस : २०१३ मध्ये अडीच लाख युरोंच्या घरावर परवाना मिळू लागला. सप्टेंबर २०२४ पासून अथेन्सचा अ‍ॅटिका प्रदेश, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी व मोठी बेटे येथे ही मर्यादा ८ लाख, तर इतरत्र ४ लाख युरो झाली. अडीच लाखांचा दर व्यापारी इमारतीचे निवासी घरात रूपांतर किंवा जुन्या वारसा वास्तूची दुरुस्ती यापुरताच ठेवण्यात आला. असे घर पर्यटकांना अल्प मुदतीने भाड्याने देण्यास मनाई आहे. परवाना पाच वर्षांचा असून घर ताब्यात असेपर्यंत नूतनीकरण होते. नागरिकत्वासाठी मात्र सात वर्षांचे प्रत्यक्ष वास्तव्य आणि ग्रीक भाषेसह परीक्षा आवश्यक आहे.

इटली : २०१७ पासून गुंतवणूकदार व्हिसा आहे. नवउद्योगात अडीच लाख, चालू कंपनीत ५ लाख, लोकहिताच्या कामास देणगी १० लाख किंवा सरकारी रोख्यांत २० लाख युरो, असे पर्याय आहेत. घरखरेदीवर हा व्हिसा मिळत नाही. युरोपीय संघाबाहेरील व्यक्तीस नागरिकत्वासाठी दहा वर्षांचे वास्तव्य लागते.

हंगेरी : जुलै २०२४ मध्ये ‘पाहुणा गुंतवणूकदार’ योजना सुरू झाली. अडीच लाख युरो मान्यताप्राप्त स्थावर मालमत्ता निधीत किंवा १० लाख युरो विद्यापीठास देणगी, या बदल्यात दहा वर्षांचा परवाना. थेट ५ लाख युरोंचे घर घेण्याचा जाहीर झालेला पर्याय प्रत्यक्षात येण्याआधीच रद्द झाला.

सायप्रस : पासपोर्टाची योजना गेली तरी निवासाची राहिली. ३ लाख युरोंचे नवे घर आणि परदेशातून वर्षाला किमान ५० हजार युरोंचे निश्चित उत्पन्न, या तिच्या मुख्य अटी आहेत.

बंद झालेल्या योजना : ब्रिटनने २० लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ रोजी, आयर्लंडने आपली योजना फेब्रुवारी २०२३ मध्ये, तर स्पेनने ५ लाख युरोंच्या घरावरील परवाना ३ एप्रिल २०२५ पासून बंद केला.

या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. गेल्या काही वर्षांत बहुतेक देशांनी अटी कडक केल्या आहेत किंवा योजनाच मिटवली आहे. अर्ज आज एका नियमाखाली भरला, म्हणून पाच-दहा वर्षांनी नागरिकत्व त्याच नियमाखाली मिळेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

पैसा बाहेर नेण्याचा हिशेब

हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे १०० रुपये धरले, तर सर्वांत कमी दराचा अडीच लाख युरोंचा परवानाही अडीच कोटी रुपयांचा होतो. सरकारी शुल्क, वकील, कर आणि देखभाल यांचा खर्च वेगळा.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार देशात राहणाऱ्या एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. येथे डॉलर आणि युरो यांची गल्लत होऊ नये. अडीच लाख डॉलर ही रक्कम अडीच लाख युरोंपेक्षा कमी आहे. त्यामुळे सर्वांत स्वस्त योजनेसाठीही घरातील दोन व्यक्ती किंवा दोन आर्थिक वर्षे लागतात. गुंतवणुकीसाठी वर्षाला १० लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम पाठवल्यास वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. विवरणपत्र भरल्यावर तो समायोजित होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तेवढी रोकड हाताशी असावी लागते. महत्त्वाचे म्हणजे, परदेशात अशी भांडवली गुंतवणूक करण्यासाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जमीन गहाण ठेवून ‘गोल्डन व्हिसा’ घेण्याचा सल्ला म्हणूनच मुळात चुकीचा ठरतो. हवालामार्गे रक्कम फिरवण्याचा सल्ला तर सरळ गुन्ह्याकडे नेणारा आहे.

नागरिकत्व बदलले, की जमिनीचे काय?

निवास परवाना घेतल्याने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही. प्रश्न येतो तो पुढच्या पायरीवर. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपुष्टात येते. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वास मुभा दिली असली, तरी भारतीयांना तिचा उपयोग नाही तो याच कारणाने. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ भारतीयांनी नागरिकत्व सोडले.

त्यानंतर मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. २००५ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत आजीवन ये-जा करण्याची मुभा आहे. मतदान करणे, निवडणूक लढवणे किंवा सरकारी नोकरी करणे यांचा हक्क नाही. शेतकरी कुटुंबासाठी त्याहून मोठी अट जमिनीची आहे. परकीय चलनविषयक नियमांनुसार ओसीआय कार्डधारकास भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही स्वीकारता येत नाही. आधीपासून नावावर असलेली किंवा वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते. पण विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. याचा अर्थ असा, की परदेशी नागरिकत्व घेण्यासाठी विकलेली जमीन नंतर कितीही पैसा कमावला तरी परत विकत घेता येत नाही. भावाचा हिस्सा विकायला निघाला, तर शेजारच्या बांधावरचा एक गुंठाही घेता येत नाही.

गोव्याचा मार्ग मराठवाड्याला नाही

‘गोव्यातील लोकांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो, मग आपल्याला का नाही?’ असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत पोर्तुगालच्या कायद्याने तेथील रहिवासी पोर्तुगीज नागरिक गणले जात. पोर्तुगालच्या १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार त्या काळात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना, जन्माची नोंद लिस्बन येथील केंद्रीय नोंदणी कार्यालयात करून, हे नागरिकत्व मागता येते. त्यासाठी गुंतवणूक लागत नाही. जन्म-विवाहाचे जुने दाखले लागतात. या पासपोर्टावर अनेक गोमंतकीय ब्रिटनमध्ये गेले आणि स्विंडनसारख्या शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर ३१ डिसेंबर २०२० रोजी ती मुक्त ये-जा थांबली. मडगावशी कौटुंबिक नाते असलेले पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान अंतोनियो कोस्ता यांना जून २०१७ मध्ये लिस्बन येथे भारताचे ओसीआय कार्ड देण्यात आले, हे या नात्याचे दुसरे टोक.

धाराशिव जिल्हा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या प्रजेला कोणत्याही युरोपीय देशाने असा हक्क दिलेला नाही. त्यामुळे ‘गोव्याची कागदपत्रे करून देतो’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. पोर्तुगीज नोंदीत खोटे आईवडील दाखवणे हा दोन्ही देशांत गुन्हा आहे.

पासपोर्ट म्हणजे कवच नव्हे

पंजाब नॅशनल बँक गैरव्यवहार प्रकरणातील आरोपी, मुंबईचे हिरे व्यापारी मेहुल चोक्सी यांना नोव्हेंबर २०१७ मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडा या कॅरेबियन देशाचे नागरिकत्व गुंतवणुकीतून मिळाले. तरीही भारताच्या विनंतीवरून एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये त्यांना अटक झाली आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्प येथील न्यायालयाने प्रत्यार्पणाला अनुकूल निर्णय दिला. विकतच्या नागरिकत्वाकडे युरोपातील सरकारे संशयाने का पाहतात, हे अशा प्रकरणांवरून लक्षात येते.

व्यवहारापूर्वी तपासावयाच्या बाबी

मिळणार आहे तो परवाना की नागरिकत्व, हे लेखी घ्यावे. योजना चालू आहे का, हे त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा दूतावासात तपासावे. दलालाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. अर्ज फेटाळल्यास कोणती रक्कम परत मिळेल, हे करारात असावे. पैसे बँकेमार्फतच पाठवावेत. नूतनीकरणासाठी किती दिवस राहावे लागेल आणि तेथे नोकरी करता येईल का, हे विचारावे.

शिक्षण, कौशल्य आणि नोकरी यांच्या आधारे मिळणारा परवाना हा आजही युरोपात जाण्याचा सर्वसामान्यांसाठी खुला असलेला मार्ग आहे. कुशल कामगारांसाठीचे ‘ब्लू कार्ड’ आणि जर्मनीने जून २०२४ मध्ये नोकरी शोधणाऱ्यांसाठी सुरू केलेले ‘संधी कार्ड’ ही त्याची उदाहरणे. त्यासाठी पदवी, भाषा आणि चिकाटी लागते. वडिलोपार्जित जमीन विकावी लागत नाही.