वंशावळ, मृत्युपत्र आणि विहीर

घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो 'मूळ पुरुष कोण?' हा. मूळ पुरुष सापडला, त्याचे मूळ गाव सापडले, की मग शाखा-उपशाखांची मांडणी सुरू होते आणि कुलवृत्तांत सिद्ध होतो. ही हौस केवळ आपली नव्हे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर सतराव्या शतकात वस्ती करणाऱ्या प्युरिटन पंथीयांच्या वंशजांना तिने इतके झपाटले, की वंशावळींच्या अभ्यासासाठी बोस्टन येथे १८४५ मध्ये एक स्वतंत्र संस्थाच स्थापन झाली आणि ती आजही कार्यरत आहे. १६२० च्या 'मेफ्लॉवर' जहाजावर सुमारे शंभर प्रवासी होते व त्यांतील निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. उरलेल्यांपर्यंत आपला धागा नेऊन भिडवण्यासाठी पुढच्या पिढ्यांनी चर्चच्या नोंदवह्या, जमिनीची खरेदीखते, थडग्यांवरील अक्षरे आणि मृत्युपत्रे पालथी घातली.

या साऱ्या साधनांत मृत्युपत्र हे मला सर्वांत बोलके वाटते. वंशवृक्ष कोण कोणापासून जन्मला एवढेच सांगतो. मृत्युपत्र मात्र कोणी कोणाला काय दिले, कोणाला काय नाकारले आणि का, हे सांगते. त्यासाठी एका माणसाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

रॉबर्ट केन हा इंग्लंडमधील विंडसर गावच्या खाटकाचा मुलगा. जन्म १५९५. लंडनमध्ये उमेदवारी करून तो व्यापारी झाला आणि १६३५ मध्ये बोस्टनच्या नव्या वसाहतीत दाखल झाला. चार वर्षांतच, १६३९ मध्ये, खिळे, बटणे असा माल अवाजवी नफ्याने विकल्याच्या आरोपावरून वसाहतीच्या न्यायसभेने त्याला २०० पौंड दंड केला. पुढे तो ८० पौंडांवर आला, पण चर्चनेही त्याला सर्वांसमक्ष समज दिली. जॉन कॉटन या धर्मोपदेशकाने त्या प्रसंगानिमित्त व्यापाराची नीतीच सांगितली: चालू भावापेक्षा अधिक घेऊ नये, आपल्या चुकीने झालेला तोटा गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये. केनच्या मनातून ही जखम कधी गेली नाही. १६५३ मध्ये तो मृत्युपत्र लिहावयास बसला आणि ते दीडशेहून अधिक पानांचे झाले. मालमत्तेची वाटणी त्यात आहेच, पण त्याहून अधिक आहे ती स्वतःची कैफियत. मी अप्रामाणिक नव्हतो, हे त्याला मृत्यूनंतर तरी सिद्ध करावयाचे होते. १६५६ मध्ये तो वारला. त्याच्या देणगीतून बोस्टनला बाजार आणि न्यायसभा यांसाठी नगरगृह उभे राहिले. ज्या गावाने दंड केला त्याच गावाला त्याने देणगी दिली. केन हिशेबाच्या वह्या ठेवी, तशी प्रवचनांची टिपणेही ठेवी. एका माणसाच्या घरातील या दोन वह्यांमध्ये प्युरिटन व्यापाऱ्याचे सारे द्वंद्व सामावले आहे.

आता आपल्या वर्ध्याकडे वळू. वर्धा हे स्थलांतरितांचेच शहर. जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला आणि पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर १८६६ मध्ये शहराची आखणी झाली. त्याच सुमारास मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे येथून गेली. त्याआधीची चार वर्षे, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे हिंगणघाटच्या कापसाकडे लागले. कापसामागे रेल्वे आली, रेल्वेमागे अडते आणि पेढीवाले आले. राजस्थानच्या शेखावाटी भागातील अनेक मारवाडी कुटुंबांनी विदर्भात बस्तान बसवले ते या शतकात. शेठ बच्छराज बजाज यांची पेढी ही त्यांपैकीच एक.

बच्छराजांना वारस हवा होता. मधली पिढी उरली नव्हती, म्हणून नातूच दत्तक घ्यावयाचे ठरले. सीकर संस्थानातील काशी का बास या लहानशा गावी कनीराम आणि बिरदीबाई यांच्या पोटी ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जन्मलेला जमनालाल हा मुलगा निवडला गेला. चरित्रकार सांगतात, की मुलाच्या बदल्यात जन्मदात्यांनी पैसा घेतला नाही. गावात पाण्याची ददात होती, म्हणून बच्छराजांनी तेथे विहीर बांधून दिली. वंशावळीच्या अभ्यासकाने या विहिरीपाशी थोडे थांबावे असे मला वाटते. वंशवृक्षाच्या तक्त्यावर दत्तकविधान तुटक रेघेने दाखवतात आणि पुढे जातात. काशी का बासच्या लोकांना मात्र त्या रेघेचे पाणी पिता येत होते.

पुढचा प्रसंग प्रसिद्ध आहे. जमनालाल सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला जाण्यासाठी दागिने घालण्यावरून आजोबा संतापले आणि 'माझ्या पैशावर' अशी भाषा त्यांच्या तोंडून निघाली. नातवाने पत्र लिहून ठेवले: आपल्या संपत्तीवर माझा हक्क नाही, अंगावरील कपड्यांखेरीज मी काही नेत नाही, आपल्याविषयी माझ्या मनात राग नाही. आणि घर सोडले. बच्छराजांनी शोध घेऊन त्यांना परत आणले. पुढे लवकरच बच्छराज वारले आणि सारी पेढी त्यांच्याच हाती आली. पण ज्या रकमेवरील हक्क आपण एकदा सोडला, ती आपली नव्हे, ही गाठ त्यांनी मनाशी बांधून ठेवली आणि ती रक्कम व्याजासह दानधर्मात खर्च केली असे सांगतात.

केनचे मृत्युपत्र आणि जमनालालांचे पत्र शेजारी ठेवून वाचावे. दोघेही व्यापारी, दोघेही परक्या मुलखात रुजलेले, दोघांच्याही सदसद्विवेकाला हिशेबाची भाषा अवगत. एकजण आयुष्याच्या अखेरीस शेकडो ओळी लिहून आपली कमाई न्याय्य होती हे पटवू पाहतो. दुसरा आयुष्याच्या आरंभी चार ओळींत कमाईवरचा हक्कच सोडतो. वारसा म्हणजे काय, याची ही दोन उत्तरे आहेत.

प्युरिटनांना हा प्रश्न सामुदायिक पातळीवरही छळत होता. चर्चचे पूर्ण सभासदत्व मिळण्यासाठी प्रत्येकाने आपल्या अंतःकरणातील परिवर्तनाची साक्ष द्यावी लागे. पहिल्या पिढीने ती दिली. त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा मिळाला, पण मोठेपणी अनेकांना तशी साक्ष देता येईना. मग या मुलांच्या मुलांचे काय? अखेर १६६२ च्या धर्मसभेने अर्धा मार्ग काढला: नातवंडांना बाप्तिस्मा मिळावा, पूर्ण सभासदत्व मात्र नाही. जमीन, घर, आडनाव रक्ताने पुढे जाते, व्रत तसे जात नाही, याची ती कबुली होती.

वर्ध्यात हीच गोष्ट उलट दिशेने घडली. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी जमनालालांनी गांधीजींना विनंती केली, की मला आपला पाचवा पुत्र माना. लहानपणी इतरांनी त्यांना दत्तक दिले होते, या वेळी त्यांनी स्वतः पिता निवडला. त्या नात्याचे परिणाम जिल्ह्याच्या नकाशावर दिसतात. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा आश्रमाची शाखा चालवण्यासाठी वर्ध्यात आले. जुलै १९२८ मध्ये बजाज घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. जमनालालांच्या बागेची मगनवाडी झाली आणि ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव येथे राहावयास गेले. तेच १९४० पासून सेवाग्राम. पवनारला धाम नदीकाठच्या ज्या बंगल्यात विनोबा १९३८ मध्ये गेले तोही जमनालालांचाच. विनोबा आणि त्यांचे बंधू बाळकोबा व शिवाजी हे तिघेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. गागोद्याच्या भावे घराण्याची ती शाखा वंशवृक्षाच्या हिशेबाने तेथे खुंटली. पवनारचा ब्रह्मविद्या मंदिर हा स्त्रियांचा आश्रम १९५९ मध्ये स्थापन झाला. तो कोणत्या फांदीवर दाखवायचा?

स्त्रियांचा विषय निघालाच आहे, तर कुलवृत्तांतांची आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. जानकीदेवींचे नाव वंशावळीत 'पत्नी' म्हणून एका ओळीत येते. १८९३ मध्ये जावरा येथे जन्मलेल्या, १९०२ मध्ये विवाह होऊन वर्ध्यास आलेल्या या बाईंनी पडदा आणि दागिने सोडले, तुरुंगवास भोगला, आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालाल गेल्यानंतर गोसेवेचे काम पुढे नेले. विनोबांच्या भूदानाबरोबर त्यांनी कूपदानाचे, म्हणजे विहिरींच्या दानाचे, काम अंगावर घेतले. पती ज्या व्यवहारात एका विहिरीच्या मोबदल्यात वर्ध्याला आला, त्याची ही परतफेड होती असे कोणी म्हणणार नाही. पण विहिरीकडून विहिरीकडे जाणारा हा धागा रक्ताच्या रेघेइतकाच खरा आहे.

तरीही ही तुलना येथेच थांबवणे सोयीचे ठरेल, प्रामाणिक ठरणार नाही. प्युरिटनांची वसाहत रिकाम्या भूमीवर वसली नव्हती. तेथील मूळ रहिवाशांची शेते आणि शिकारीची राने तीत गेली, आणि वंशावळींच्या संस्थांना दीर्घकाळ त्यांची आठवण झाली नाही. विदर्भातही कापसाच्या पेढीला दोन बाजू होत्या. जमेच्या बाजूला व्यापारी घराण्यांचे इतिहास आहेत, चरित्रे आहेत, स्मारके आहेत. नावेच्या बाजूला कुणबी, तेली, माळी, महार, गोंड कुटुंबांची नावे आहेत. कोणाचे शेत कोणत्या वर्षी गहाण पडले, कोणाचे सुटले आणि कोणाचे सुटले नाही, हे तेथे लिहिलेले असते. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्या सहांत वर्धा होता. सत्तर वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यात विश्वस्तवृत्तीचा सर्वांत मोठा प्रयोग झाला, तेथील कापूस उत्पादकाच्या घरात कर्जच पिढीजात चालत आले, हे आपल्या इतिहासलेखनाला टोचले पाहिजे.

म्हणून माझ्या मते वर्ध्यातील घराण्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने वंशवृक्षाचा तक्ता थोडा बाजूला ठेवावा. बंदोबस्ताची कागदपत्रे, गहाणखते, फारखती, तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि पेढ्यांवरील मोडी व मुडिया लिपीतील चोपड्या यांपासून आरंभ करावा. या लिप्या वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि अनेक वह्या वाड्यांबरोबरच रद्दीत जात आहेत. एकाच पानावर सावकाराचे घराणेही असते आणि ऋणकोचेही. पहिल्याचा वंशज ते पान जपण्याची शक्यता आहे. दुसऱ्याच्या वंशजाला ते पान आहे हेच ठाऊक नसते. त्याच्यासाठी ते वाचून ठेवणे हे महाविद्यालयांतून इतिहास आणि मराठी शिकवणाऱ्या आपणा सर्वांचे काम आहे.