कामाचा हक्क : दान की देणे?

1975 नंतर मुंबईत नोकरी केलेल्या आपल्या मंडळींना पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आठवत असेल. आम्हीही त्यावर कुरकुर केली. पण तो पैसा कोठे जाई?

घटनेच्या 41 व्या कलमात कामाचा हक्क आहे, परंतु सरकारच्या ऐपतीपुरता. त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. दुष्काळात खडी फोडण्याची कामे निघत, तीही सरकारच्या मर्जीने. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचे म्हणणे निराळे होते : अंगमेहनतीस तयार असलेल्याला काम मिळालेच पाहिजे. यातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली. 1977 साली कायदा झाला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. 15 दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देणे सरकारवर आले.

“एवढा पैसा आणायचा कोठून?” हा वाद होताच. उत्तर होते शहरातला व्यवसाय कर आणि तेवढीच सरकारची भर. पुढे 2005 साली केंद्रानेही खेड्यांसाठी 100 दिवसांच्या कामाचा कायदा केला.

हमीचे काम म्हणजे भीक नव्हे, हे मजुराने ओळखले. मग आपण कापलेल्या रुपयांना दान का म्हणावे? ते आपले देणेच होते.