डेंग्यू प्रतिबंध (किनवट)

डेंग्यू हा एडिस इजिप्ती जातीच्या मादी डासामुळे पसरणारा विषाणुजन्य ताप आहे. विषाणूचे चार प्रकार असल्याने तो एकाच माणसाला पुन्हा होऊ शकतो, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार गंभीर होण्याचा धोका अधिक असतो.

नांदेड जिल्ह्यातील किनवट हे पैनगंगेच्या खोऱ्यातले, आदिलाबादच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. जंगल आणि ओढ्यानाल्यांच्या या मुलखाला हिवतापाची ओळख जुनी आहे. त्यामुळे ताप वाढला की लोकांचे बोट गटाराकडे आणि नाल्याकडे जाते. डेंग्यूच्या बाबतीत ही दिशाच चुकते. गटारात क्यूलेक्स डास वाढतो. एडिसला घरातले साठवलेले, स्वच्छ पाणी लागते. रांजण, हौद, सिमेंटची टाकी, कुलर, फ्रिजमागचा ट्रे, छपरावर टाकलेले टायर ही त्याची ठिकाणे. तो दिवसा चावतो आणि जन्मल्या जागेपासून सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणजे रुग्णाला चावलेला डास बहुधा त्याच्याच गल्लीतला असतो.

मराठवाड्यात या रोगाचे नाते पावसाइतकेच टंचाईशीही आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल, तर घरोघरी मिळेल ते भांडे भरून ठेवले जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात ‘पाणी साठवू नका’ हा सल्ला निरर्थक आहे. साठवा, पण घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करा, एवढेच म्हणता येते. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्याच्या ‘कोरड्या दिवसा’चा हिशेब त्यावर बसवलेला आहे. मात्र पाणी ओतून देणे पुरत नाही. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. ती कोरड्यात कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणून रांजण आतून काथ्याने घासूनच पुन्हा भरावा.

आशा कार्यकर्त्या आणि आरोग्यसेवक घरोघर कंटेनर सर्वेक्षण करतात. शंभर घरांमागे अळ्या सापडलेल्या भांड्यांची संख्या म्हणजे ब्रेटू निर्देशांक. रिकामे करता न येणाऱ्या साठ्यात टेमेफॉस (‘ॲबेट’) टाकतात. विहिरी व मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडतात. राष्ट्रीय डेंग्यू दिन १६ मे रोजी असतो, जुलै हा प्रतिरोध महिना.

धुरफवारणीला लोकांची पसंती सर्वांत जास्त, उपयोग मात्र मर्यादित. धुराने उडते डास मरतात, अळ्या नाहीत. शिवाय एडिस घरात, कपाटामागे, लटकत्या कपड्यांत बसतो आणि गाडी आली की घरोघर दारे लागतात! उद्रेकात तिची गरज असते. एरवी ती वॉर्डाचे समाधान करते.

प्रतिबंधाचा आणखी एक मार्ग लशीचा. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि पॅनेशिया बायोटेक ही कंपनी यांनी डेंग्यूवरील देशी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू केली.

तापाच्या दिवसांत रुग्णाच्या रक्तातून डासाला विषाणू मिळतो, त्यामुळे रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. तापावर पॅरासिटामॉलच द्यावे. ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळावे, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. त्या काळात पोटदुखी, सततच्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसल्यास रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे.