चांद्याच्या पोरांसाठी इंग्रजी शाळा: 1854 पासून आजवर

एप्रिल-मे आला की आपल्याकडे घराघरात एकच चर्चा. पोराला टाकायचं कुठं? मराठी, सेमी, की फुल इंग्लिश? चंद्रपूरच्या तुकूमपासून अहेरीच्या बसस्टँडपर्यंत प्रवेशाचे फ्लेक्स लागतात आणि 'इंटरनॅशनल' हा शब्द तर आता तालुक्याच्या गावीही दिसतो. मग फेसबुकवर दोन गट पडतात. एक म्हणतो मराठी मरते आहे. दुसरा म्हणतो, आधी तुमची पोरं कुठं शिकतात ते सांगा. दोन्हीकडचं वाचून झालं, पण या भांडणाला आपल्या जिल्ह्यात जो इतिहास आहे तो कोणी सांगताना दिसत नाही. म्हणून हा लांब लेख. वेळ असेल तेव्हाच वाचा.

सुरुवात 1854 पासून करावी लागते. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, गादीला वारस नाही असं म्हणून डलहौसीनं पुढच्या वर्षी नागपूरचं राज्य खालसा केलं, आणि त्यासोबत आपला चांदाही कंपनी सरकारकडे गेला. त्याच 1854 च्या जुलैमध्ये लंडनहून चार्ल्स वुडचा शिक्षणाबद्दलचा खलिता निघाला. थोडक्यात त्याचा अर्थ असा की वरचं शिक्षण इंग्रजीतून आणि सामान्य जनतेचं देशी भाषेतून. आणि त्याच 1854 साली पुण्यात सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह छापला गेला. त्यात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिका म्हणून सांगणाऱ्या कविता आहेत.

तिन्ही गोष्टी एकाच वर्षी. योगायोगच आहे, पण आजचं भांडण त्यात जवळजवळ पूर्ण आलंय. सरकारनं इंग्रजी वरच्या मजल्यावर ठेवली. सावित्रीबाई म्हणत होत्या, ज्याला जिना चढूच दिला नाही त्याला ती आधी द्या. तुम्ही-आम्ही 170 वर्षांनी पुन्हा तेच बोलतोय.

आता आपल्या भागाचा खरा पेच. 'देशी भाषा' म्हणजे चांद्यात कोणती? वरोरा, ब्रह्मपुरी, मूलकडे मराठी. सिरोंचा आधी अप्पर गोदावरी जिल्ह्यात होतं, 1870 च्या दशकात ते चांद्याला जोडलं, तिथं तेलुगू. मधल्या जंगलात गोंडी आणि माडिया. सरकारी दप्तरात सोयीची भाषा म्हणून मराठी पुढं आली आणि शाळेचीही तीच झाली. म्हणजे भामरागड-एटापल्लीकडच्या पोराच्या तोंडची भाषा पहिल्यांदा बदलायला लावली ती मराठीनं. इंग्रजी फार नंतर आली. हे ऐकायला आपल्याला आवडत नाही, पण 'मराठी वाचवा' म्हणताना एवढं लक्षात ठेवावं लागेल.

बरं, मराठी तरी कोणती? झाडीबोलीत ळ नाही, ण नाही, श नाही. डोळ्याला डोरा म्हणणारं, पाण्याला पानी म्हणणारं नागभीड-सिंदेवाहीचं पोरगं 'शुद्ध बोल' म्हणून वर्गात टोकलं गेलं, आजही जातं. मी स्वतः ते ऐकत मोठा झालो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीला मान मिळवून देण्यासाठी आयुष्य घातलं, तेव्हा कुठं आपण ती नाटकाच्या बाहेर बोलायला लाजेनासे झालो. तेही अर्धवटच.

आता इंग्रजी शाळा आपल्याकडे कोणासाठी आल्या ते बघा. 1945 मध्ये थापरांची पेपर मिल बल्लारपूरला आली. मग कोळसा, भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी, घुग्घुस-आवारपूर-गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, ऐंशीच्या दशकात दुर्गापूरचं वीज केंद्र. प्रत्येकासोबत कॉलनी आली, कॉलनीसोबत बदलीवर येणारे साहेब आले, आणि साहेबांच्या मुलांसाठी शाळा आली. केंद्रीय विद्यालयांची योजनाच मुळी 1963 पासून बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी सुरू झाली. आज झाशी, उद्या आवडी, परवा भद्रावती. अशा मुलाला दर तीन वर्षांनी नवी भाषा शिकवण्यात अर्थ नाही, म्हणून हिंदी-इंग्रजी. प्रवेशाच्या प्राधान्यक्रमातही पहिला हक्क त्यांचाच. त्यात काही चूक नाही.

जगभरच्या आंतरराष्ट्रीय शाळांचा जन्मही असाच आहे. जिनिव्हाची शाळा 1924 मध्ये निघाली ती राष्ट्रसंघ आणि कामगार संघटनेत काम करायला आलेल्या परदेशी लोकांच्या मुलांसाठी. मुक्काम तात्पुरता, भाषा सोबत नेता येईल अशी हवी. आपल्याकडचा एक ओळखीचा इंजिनीयर पोरगा सध्या स्टॉकहोमला आहे. त्यानं मला विचारलं, काका, मुलीला इंग्रजी शाळेत टाकू की स्वीडिश? मी त्याला एवढंच विचारलं की तू तिथं राहणार किती वर्षं? दोन वर्षांत परत येणार असशील तर इंग्रजी, घर घेणार असशील तर स्वीडिश, कारण तिथली दुकानं, खेळाची मैदानं, शेजारची पोरं सगळी स्वीडिशमध्ये आहेत. त्याचं उत्तर अजून ठरलेलं नाही, कारण त्याच्या कंपनीचंच ठरलेलं नाही!

पण गंमत बघा, बदलीवाल्यांसाठी काढलेल्या शाळेकडे कायमचे राहणारे लोक डोळे लावून बसले. कॉलनीच्या गेटबाहेरच्या गावानं वीस-पंचवीस वर्षं काय पाहिलं? ज्याची जमीन गेली त्याचं पोरगं कंत्राटी मजूर झालं, आणि गेटातून स्कूलबसनं जाणारं पोरगं इंजिनीयर होऊन आलं. त्यानं त्यातून एकच निष्कर्ष काढला. तो पूर्ण बरोबर नव्हता, कारण बसमधल्या पोराच्या घरी पगार होता, पुस्तकं होती, शिकलेली आई होती. फरक फक्त भाषेचा नव्हता. पण बाहेरून दिसते ती भाषाच. म्हणून फ्लेक्स बघून कर्ज काढणाऱ्या बापाला जे मूर्ख म्हणतात त्यांचा मला राग येतो. त्यानं पाहिलं त्यावरून तो शहाणपणानंच वागतोय.

सरकारनंही त्याला दुसरं काही दाखवलं नाही. जिल्ह्यात सरकारला जेव्हा जेव्हा 'उत्तम' शाळा काढायची होती, तेव्हा ती इंग्रजीकडेच गेली. एकलव्य निवासी शाळा, 2019 मध्ये विसापूरजवळ सुरू झालेली सैनिक शाळा, सगळ्या सीबीएसईच्या, इंग्रजीच्या. आणि गावातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा? 2023 च्या सप्टेंबरमध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले. गडचिरोलीत वीस पट म्हणजे कमी नव्हे, तिथं गावंच तेवढी असतात. मधे नाला, पावसाळ्यात पूल पाण्याखाली, आणि सात वर्षांच्या पोरानं समूह शाळेत कसं जायचं हे मुंबईत बसून कसं कळणार.

या सगळ्यात मला एक अपवाद पटतो, नवोदय विद्यालय. आपल्याकडे तळोधी बाळापूरला आणि गडचिरोलीत घोटला. 1986 च्या शिक्षण धोरणातून ही योजना आली. तिथं सहावीत आलेल्या ग्रामीण मुलाला पहिल्या दिवसापासून इंग्रजीत बुडवत नाहीत. सुरुवातीची वर्षं मातृभाषेतून किंवा प्रादेशिक भाषेतून, मग हळूहळू गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी हिंदीत. नववीत काही मुलं वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातल्या नवोदयमध्ये जातात, तिकडची इकडे येतात. जिना आहे, पण पायऱ्या आहेत. अडचण एवढीच की जागा मोजक्या आणि परीक्षेतून निवड.

आता आदिवासी मुलांकडे येतो. खरा प्रश्न तिथं आहे.

1972-73 पासून राज्यानं आश्रमशाळांचं जाळं विणलं. माध्यम मराठी. हेमलकशाला लोकबिरादरीची शाळा 1976 ची. तिथं सुरुवातीच्या शिक्षकांना आधी माडिया शिकावी लागली, मगच पोरं बोलायला लागली. आश्रमशाळांत मात्र बदलून आलेला मास्तर आणि माडिया पोरगं एकमेकांकडे बघत बसायचे, हे तिथं शिकलेले लोक आजही हसत हसत सांगतात. मग साधारण 2010-11 पासून आदिवासी विकास विभागानं दुसरा रस्ता काढला. मुलांना शहरांतल्या 'नामांकित' इंग्रजी निवासी शाळांत पाठवायचं, फी सरकार भरणार. हेतू चांगलाच. साहेबाच्या पोराला जे मिळतं ते माडिया पोराला का नको, हा सावित्रीबाईंचाच प्रश्न आहे आणि मी त्याच्या बाजूनं आहे.

पण किंमत कोण मोजतं ते बघा. पहिलीतलं पोरगं, वय सहा. घरची भाषा माडिया, होस्टेलची हिंदी किंवा मराठी, फळ्यावरची इंग्रजी. भामरागडकडच्या एका घरी दिवाळीत गेलो होतो. असंच शिकणारा नातू सुटीवर आलेला. आजी काही सांगत होती, तो मान हलवत होता, आणि उत्तर त्यानं हिंदीत दिलं. आजीला हिंदी येत नाही. आई मधे बसून दोन्हीकडचं सांगत होती. आईनं मला विचारलं, 'सर, आमचं बरोबर चाललंय ना?' मी म्हटलं, त्याला इंग्रजी मिळते आहे हे चांगलं आहे, पण सहाव्या वर्षी घरापासून तोडायची गरज नव्हती, तुम्ही पुढच्या पोरीला पाचवीपर्यंत गावातच ठेवा. ती म्हणाली, गावातल्या शाळेत मास्तर आला तर ना. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हाच प्रयोग जगात आधी झालेला आहे, आणि तोही ज्या स्कँडिनेव्हियाचे आपण गोडवे गातो तिथं. नॉर्वेच्या उत्तरेला सामी नावाचे मूळनिवासी आहेत, रेनडिअर पाळणारे, मासे धरणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या सरकारनं त्यांना नॉर्वेजियन करायचं ठरवलं. शाळेत सामी बोलायची चोरी, मुलं निवासी शाळांत. शंभर वर्षांहून जास्त हे चाललं. आजी-नातवाची भाषा तुटली. 1997 मध्ये राजा हाराल्ड यांनी सामींची माफी मागितली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या संसदेनं. आज सामी भागात मुलाला सामीतून शिकायचा कायदेशीर हक्क आहे. स्वीडननं तर 1977 मध्येच बाहेरून आलेल्यांच्या मुलांनाही मातृभाषेचे वर्ग द्यायची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. मुलं पुरेशी असतील आणि शिक्षक मिळाला तर मराठीचेही. म्हणजे स्टॉकहोममधली मराठी मुलगी नगरपालिकेकडे मराठी मागू शकते. लाहेरीतलं माडिया पोरगं कोणाकडे मागणार?

आपल्या राज्यघटनेत 350-अ आहे, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून. शिक्षण हक्क कायद्यात कलम 29 आहे, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणून. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांहून जास्त भरले. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. त्याच जनगणनेत मातृभाषा संस्कृत लिहिणारे 24,821. ती अनुसूचीत आहे. संस्कृतबद्दल माझी तक्रार नाही, आकडे फक्त शेजारी ठेवतोय.

आणि कोणी स्वतःहून शाळा काढली तर काय होतं, तेही आपल्याच जिल्ह्यात घडलंय. धानोरा तालुक्यात मोहगाव. 2019 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल'. गोटूल म्हणजे जिथं पिढ्यान् पिढ्या पोरं एकत्र येऊन गाणं, नाच, रीत शिकली ती जागा. त्याच नावानं शाळा. 2022 मध्ये शिक्षण विभागाची नोटीस आली की मान्यता नाही, शाळा बेकायदेशीर. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर कायद्यात एक लाखापर्यंत दंड आणि पुढं रोज दहा हजार आहेत. ग्रामसभा पेसा कायद्याचा आणि घटनेचा आधार घेऊन नागपूर खंडपीठात गेली.

नियम नियम असतो, मान्य. पण मान्यतेचे निकष इमारत, पात्रता, मंजूर अभ्यासक्रम असे आहेत. गोंडीत मंजूर अभ्यासक्रमच नसेल तर गोंडी शाळा निकषात बसणार कशी? आधी पाठ्यक्रम करायचा नाही, मग पाठ्यक्रम नाही म्हणून नोटीस द्यायची. इंग्रजी शाळेला हे अडत नाही, तिची पुस्तकं दुकानात तयार मिळतात.

2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, महाराष्ट्र पेटला, 29 जूनला तो मागं घेतला. दोन महिने टीव्हीवर लहान मुलांवर किती भाषा लादायच्या यावर चर्चा झाल्या. माडिया, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा आमचं कोठी-नारगुंड्याचं पोरगं पन्नास वर्षांपासून उचलतंय, त्यातली पहिली शाळेत कुठंच नाही, हे एकाही चर्चेत मला ऐकू आलं नाही.

जे पालक मला इनबॉक्समध्ये विचारतात त्यांना मी हेच सांगतो. माध्यम नंतर बघा. आधी शाळेत जाऊन अर्धा तास बसा आणि पहिलीतलं पोरगं शिक्षकाला स्वतःहून काही विचारतं का ते बघा. कोणत्या का भाषेत असेना. मुलांनी फक्त 'येस मॅम' म्हटलं तर फ्लेक्सवर काहीही लिहिलेलं असो, तिथं पैसे घालू नका. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चालू असेल आणि मास्तर नियमित येत असेल तर चौथी-पाचवीपर्यंत तिथंच ठेवा, आणि सोबत नवोदयची तयारी करून घ्या. मास्तर येत नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

मोहगावला कोणी जाऊन आलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. गोंडी किंवा माडिया शिकवू शकणारे डीएड झालेले तरुण तुमच्या ओळखीत असतील तर त्यांनाही इथं टॅग करा.