पीठ आठ दिवसांचं

माझ्या आत्याचं लहानपण मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गेलं. घरापुढच्या अंगणात जमिनीत खणलेलं पेव होतं. तोंड अरुंद, पोट मोठं, आतून कडब्याचं अस्तर. ज्वारी ओतून तोंडावर दगड ठेवला आणि वरून माती लिंपली, की दोन-तीन वर्षं धान्याची काळजी नसे. उघडताना मात्र सगळे धास्तावलेले असायचे. आधी बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील आत सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. दाणे जिवंत असतात, श्वास घेतात. बंद पेवातला प्राणवायू ते संपवतात आणि त्या हवेत किडा जगत नाही, तसा माणूसही जगत नाही. पेवात उतरून माणसं गेल्याच्या गोष्टी आत्यानं ऐकलेल्या आहेत. सांगताना अजूनही तिचा आवाज खाली येतो.

ज्वारी अशी वर्षानुवर्षं राहायची, पीठ मात्र राहायचं नाही. “आठ दिसांच्या वर पीठ ठिवायचं न्हाई, कडू व्हतंय,” असा आजीचा दंडक होता. यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. दाण्याच्या पोटात कोंभ असतो, त्यात तेल असतं, जीवनसत्त्वं असतात. दाणा अखंड असेतोवर हे सगळं कोंड्याच्या कवचाआड सुरक्षित राहतं. दळलं की तेलाला हवा लागते आणि ते खवट व्हायला लागतं. घरच्या दळणाला याचा त्रास नव्हता, कारण आठवड्याला ताजं दळता येत होतं. पण आगबोटीनं, रेल्वेनं दूरदूर पीठ पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांना ते परवडणारं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत पोलादी रुळांच्या गिरण्या पसरल्या आणि त्यांनी गव्हाचा कोंडा आणि कोंभ सफाईनं बाजूला काढला. मैदा महिनोन्महिने टिकतो, कारण बिघडण्यासारखं त्यात फारसं काही ठेवलेलंच नसतं. आपल्या ताटाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मला या एका व्यवहारात दिसतो. टिकाऊपणा घेतला आणि त्याच्या बदल्यात दाण्यातला जीव देऊन टाकला.

तांदळाचंही तेच झालं. डच अमलाखालच्या जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डॉक्टरांनी 1890 च्या सुमारास पाहिलं, की पॉलिशच्या पांढऱ्या भातावर वाढलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. बेरीबेरी या रोगाचं मूळ त्यातून उलगडत गेलं. आइकमान यांना 1929 साली नोबेल मिळालं.

आमच्या घरी हा विषय वर्ध्याहून आला. 1934 च्या डिसेंबरात गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहू लागले. हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल, गूळ, जात्यावरचं पीठ हे तिथले विषय. आजोबांचे धाकटे भाऊ तिथं काही महिने राहून आले आणि घरात जात्याची थोरवी सांगू लागले. आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भावजी, मग उद्या पहाटं तुम्ही बसा जात्यावर.” ते बसले, आणि थोड्याच वेळात उठले.

आजीचं ते वाक्य मी जपून ठेवलं आहे, कारण जुन्या अन्नाची आठवण काढताना ते अन्न कुणाच्या खांद्यांवर उभं होतं हे आपण सोयीनं विसरतो. कोंबडा आरवायच्या आधी उठून, पोटात बाळ असलं तरी, बायका दोन-दोन पायल्या दळायच्या. गावात इंजिनावरची पिठाची गिरणी आली तेव्हा आजीनं जात्याला हळदकुंकू वाहून ते कोपऱ्यात सरकवलं आणि पुन्हा कधी ओढलं नाही. त्या गिरणीनं दाण्यातलं काही काढून घेतलं नव्हतं. कोंडा, कोंभ सगळं पिठातच राहत होतं. बायकांचे कष्ट गेले आणि भाकरी तीच राहिली. यंत्राविषयी म्हणूनच माझी तक्रार नाही.

तेलाची गोष्ट वेगळी. 1937 मध्ये डालडा बाजारात आला. आत्याच्या लग्नात बुंदी त्यातच तळली होती, आणि पिवळ्या डब्यात पुढं कितीतरी वर्षं तुळस होती. करडईच्या घाण्याचं तेल जुनं झालं की वास मारायचं, डालडा मात्र वर्षभर तसाच. द्रवरूप तेलात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन मिसळून ते थिजवायचं, अशी ती कृती. त्या कृतीत ट्रान्स फॅट तयार होतं. ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, हे 1990 च्या दशकात स्पष्ट झालं. आपल्याकडे खाद्यतेलांत आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर नको, हा नियम जानेवारी 2022 पासून लागू झाला. मध्ये 85 वर्षं गेली. तेवढ्या काळातल्या लग्नाच्या पंगती, फरसाण, खारी, बटर, सगळं लोकांच्या धमन्यांतून जाऊन आलं. याचा मला अजून राग येतो.

आणि मग 1972 चा दुष्काळ. पेवं त्याच्या आधीच रिकामी झाली होती. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि तिला दिवस गेले होते. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीला ना रंग होता ना चव. कामावर सुकडी वाटत. आईला सगळ्यात जास्त आठवतं ते हिरव्याचं नसणं. करडईची भाजी नाही, पाथरी नाही, घोळ नाही. त्या पोटातला माझा थोरला भाऊ जन्मला तेव्हा अगदी मूठभर होता.

पुढं 1993 पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांचं साधारण साडेतीन किलो. पण ही बारीक बाळं नुसती बारीक नव्हती. स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. ज्या आया पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं मोठी भरत. अशी बाळं पुढं भरपूर आयतं खाऊ लागली, तर मधुमेहाचा धोका वाढतो, असं या अभ्यासकांचं म्हणणं आहे. माझा भाऊ पिंपरीत नोकरीला लागला. पाळ्यांची ड्यूटी, सकाळी चहा-खारी, दुपारी कँटीन, रात्री नूडल्सचं पाकीट. चाळिशीत त्याला साखर निघाली. त्याचं कारण एवढंच, असं एका माणसाविषयी कुणी सांगू शकत नाही. तरी आईला मात्र खडीचे ढीगच आठवतात.

आता खेड्यातही तेच खाणं पोचलं आहे. 2022-23 च्या सरकारी खर्च-पाहणीत ग्रामीण कुटुंबाचा पेयं आणि तयार पदार्थांवरचा खर्च धान्यावरच्या खर्चाहून जास्त निघाला. आणि या पदार्थांची गोम केवळ साखर-मीठ-तेलात नाही. अमेरिकेत केविन हॉल यांनी 2019 साली 20 जणांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. पुढ्यात वाढलेल्या दोन्ही जेवणांत साखर, चरबी, मीठ, तंतू जुळवलेले होते, हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात गेली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोनं वाढली. भरभर खाल्लं जातं, चावावं लागत नाही, पोट भरल्याची वर्दी पोचेस्तोवर पाकीट संपलेलं असतं. आजी भाकरीचा तुकडा मोडून शेंगाचटणीला लावायची आणि सावकाश चावत बसायची. हुलग्याचं माडगं प्यायलं की दुपारपर्यंत तिला भूक नसे.

भावाच्या घरी आता भाकरीवरून बोलणं चालतं. वहिनीही कामाला जाते. रोज संध्याकाळी तिनं पीठ मळून भाकरी थापाव्यात, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही, आजीनं भावजींना दिलेलं उत्तर मला पाठ आहे. भाऊ स्वतः थापायला शिकतोय, सुट्टीच्या दिवशी दळण आणतो. इतर दिवशी सोलापूरच्या बायकांनी केलेली कडक भाकरी असते. ज्वारीचं सबंध पीठ, पाणी, मीठ, तीळ, आणि मग तव्यावर पार वाळेपर्यंत भाजणं. यातून फक्त पाणी काढलेलं असतं, म्हणून ती महिना-दोन महिने राहते. आत्या म्हणाली, पंढरीच्या वाटेला आम्ही हीच फडक्यात बांधून न्यायचो. भावाच्या गोळ्या चालूच आहेत, पण मागच्या वेळी डॉक्टरांनी एक कमी केली. आमटीत कुस्करलेली ती भाकरी तो हल्ली आईच्या ताटाशेजारी बसून खातो.