सुरतेतला मराठी कवी : शिष्यवृत्ती कुठे, पोटापाण्याचं काय?

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. महापालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी शाळाही आहेत. लूमवर काम करणाऱ्या बापाची मुलगी मराठीत कविता लिहिते, तेव्हा घरात पहिला प्रश्न येतो : यातून काही मिळणार आहे का?

निव्वळ कविता लिहायला दरमहा पैसे देणारी शिष्यवृत्ती शोधत बसू नये. पैसा आहे तो शिक्षणाला, संशोधनाला आणि पुस्तक झाल्यावर.

शिक्षणापासून सुरुवात करू. बारावीत ८० पर्सेंटाइल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत असेल, तर गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना बघावी. पुढे मराठीतच एम.ए. करायचं तर वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहे. उलट दिशेला, ताप्ती लाइनच्या गाडीने गेलं की जळगावचं विद्यापीठ, ज्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. एम.ए.नंतर मराठी विषयात नेट देऊन जेआरएफ मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. कवितेच्या माणसाला भारतात मिळू शकणारा सगळ्यात भरवशाचा पैसा हाच, भले तो प्रबंधासाठी असेना.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती ऐकायला छान वाटते, पण ती संगीत, नृत्य, नाटक, चित्रकला, लोककला यांची. पंतप्रधान युवा योजनेत ३० वर्षांखालच्या लेखकांना सहा महिने ५० हजार मिळतात. मात्र तिथे कथेतर लेखन लागतं, कवितासंग्रह चालत नाही. अर्ज भरण्याआधी हे वाचलं तर हेलपाटा वाचतो.

आता पुस्तक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या काव्यसंग्रहाला बहिणाबाईंच्याच नावाचा ५० हजारांचा पुरस्कार आहे. आधार कार्डावर सुरतचा पत्ता असेल, तर जाहिरातीतली रहिवासाची अट आधी नीट वाचावी. इकडे गुजरातच्या अकादम्या गुजराती, हिंदी, संस्कृत, सिंधी, कच्छी, उर्दूसाठी आहेत. त्या यादीत मराठी नाही. दोन राज्यांच्या मधे पोरगं अडकतं ते इथेच.

साहित्य अकादमीला मात्र राज्याची हद्द आड येत नाही. २०११ पासून ती मराठीसह २४ भाषांत युवा पुरस्कार देते : ५० हजार रुपये आणि ताम्रपट. पुरस्काराच्या वर्षी १ जानेवारीला वय ३५ च्या वर नको. मराठीतला पहिलाच युवा पुरस्कार ऐश्वर्य पाटेकर यांच्या ‘भुईशास्त्र’ या कवितासंग्रहाला गेला होता. तरुणांचं पहिलं पुस्तक छापणारी अकादमीची ‘नवोदय’ मालाही आहे. गुजराती आणि मराठी, दोन्हींचं काम मुंबईत दादरच्या कार्यालयातून चालतं, म्हणजे सुरतेहून एका गाडीचा प्रवास.

पण हिशेब करा. पाच वर्षं खपून संग्रह केला आणि ५० हजार मिळाले, तर महिन्याला ८३३ रुपये पडतात. त्यात प्रकाशकाने “आधी पैसे भरा” म्हटलं, तर छपाईच्या प्रती किती, उरलेल्या कोणाच्या, कॉपीराइट कोणाकडे, हे कागदावर घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नये.

नोकरी करत लिहिणं कमीपणाचं नाही. नारायण सुर्वे गिरणीत होते, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. सुरतच्या पोरांकडे आणखी एक भांडवल आहे, ते म्हणजे घरात मराठी-अहिराणी आणि बाजारात गुजराती. दोन्ही भाषा लिहिता येणाऱ्याला अनुवादाचं, जाहिरातीच्या मजकुराचं काम मिळू शकतं.

याच सुरतच्या कवी नर्मदने १८५८ मध्ये मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडली आणि फक्त लेखणीवर जगायचं ठरवलं. चोवीस वर्षं त्याने ते निभावलं, कर्ज सोसलं. १८८२ मध्ये त्याला पुन्हा नोकरी धरावी लागली आणि १८८६ मध्ये तो गेला. दक्षिण गुजरात विद्यापीठाला आज त्याचं नाव आहे.